आजाऱ्याचं फळ

चाळीस मुली एकाच वेळी मोसंबी सोलताना तुम्ही कधी पाहिल्यात का? मी पाहिल्यात! उदगीरला, एका भाड्याच्या इमारतीत, ऐन दुष्काळाच्या साली. डोळ्यांत रस उडाला म्हणून अर्ध्या जणी किंचाळताहेत, त्यांच्याकडं बघून उरलेल्या अर्ध्या हसताहेत, सालीचा वास पार फाटकापर्यंत गेलाय, आणि मी दारात उभी राहून मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतेय. हीच मोसंबी पुढं महिन्याभरात माझ्या अशी अंगलट आली की सगळ्या नोकरीत तसा सोमवार मला पुन्हा दिसला नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्याची गोष्ट सांगायला बसले की मला बसवत नाही, उठून हातवारे करत सांगावी लागते. इथं कागदावर आहे म्हणून जरा सोसून घेते.

मी मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल होते. हे पद काय असतं ते लोकांना नीट माहीत नसतं. कागदावर काम तीन ओळींचं: हजेरी ठेवणे, कोठी सांभाळणे, शिस्त राखणे. प्रत्यक्षात गृहपाल म्हणजे सकाळी कारकून, जेवणाच्या वेळी सासू, कुणाला ताप आला की आई, आणि फाटकासमोर एखादा टवाळ सायकलवरून तिसऱ्यांदा गेला की फौजदार. पगार मात्र एकीचाच.

मूळची मी नांदेडची. सोनकांबळेबाई म्हणून तिथं मला दोन-चार कचेऱ्यांत ओळखत होते. लातूर जिल्हा नवा झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांनी माझी उदगीरला बदली झाली. नवा जिल्हा म्हणजे सगळीकडं उत्साह! नव्या पाट्या, नवे शिक्के, नवे साहेब. पण आमच्या वसतिगृहाचं दप्तर अजून जुन्या जिल्ह्याच्या गावी होतं. तिथले म्हणायचे, "बाई, तुम्ही आता आमच्या नाही." नव्या ठिकाणचे म्हणायचे, "तुमच्या फायली आल्या की तुम्ही आमच्या." या दोघांच्या मध्ये आमच्या भाजीपाल्याची मंजुरी जी अडकली ती अडकलीच. ज्वारी येत होती, डाळ येत होती, तेल येत होतं. भाजी येत नव्हती.

आणि खरं सांगायचं तर भाजी येत नाही याचं दुःख एकट्या मलाच होतं. मुली खूश होत्या. तेरा ते सोळा वर्षांच्या त्या चाळीस जणींना भाकरी, वरण आणि शेंगदाण्याची लाल चटणी एवढं मिळालं की स्वर्ग. मी कधी बाजारातून पदरमोड करून वांगी, पडवळ, चुका असलं काही आणलं तर ते ताटाच्या कडेला रांगेत मांडलं जायचं. ताट स्वच्छ झाल्याशिवाय उठायचं नाही, असा मी हुकूम काढला. ताटं स्वच्छ व्हायला लागली. मी खूश! पंधरा दिवसांनी लक्षात आलं की चौकीदाराची शेळी नुसती फुगत चाललीय. अख्ख्या तालुक्यात जनावरांची हाडं दिसत होती आणि ही बया फाटकातून आडवी मावत नव्हती. भाजी ओढणीच्या टोकात बांधून तिच्याकडं जात होती.

त्याच सुमाराला सकाळच्या प्रार्थनेत कौशी पडली.

कौशल्या तिचं नाव. देवणीजवळच्या एका खेड्यातली, दहावीची. गणितात इतकी हुशार की मी कोठीचा हिशेब मांडायला बसले की ती मागं उभी राहून, माझी बेरीज व्हायच्या आत उत्तर सांगायची आणि मला राग यायचा. ती उभीच्या उभी खाली बसली आणि आडवी झाली. चार दिवसांनी परत तेच. तिला घेऊन मी दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी रक्ताचा थेंब काढला, बघितला आणि मलाच रागावल्या.

"हिच्या अंगात रक्त नाही, पाणी आहे. गोळ्या देते, पण नुसत्या गोळ्यांवर मुलगी उभी राहत नसते. पालेभाजी घाला, लिंबू द्या, फळं द्या. नाही तर ही परीक्षेच्या वर्गात पडेल, मग मला सांगू नका."

परत येताना कौशी रस्त्यातच थांबली.

"बाई, घरी कळवू नका."

"का गं?"

"आत्याचा पोरगा हाय, लगीन ठरल्यालं. अप्पा म्हनलेत, दहावी होईस्तोवर थांबतो. पर आजारीबिजारी पडलीस तर मंग शाळा बास, घरी चल. बाई, त्यांस्नी कळालं की माझं दप्तर गेलं समजा. तुमाला शपथ हाय."

नियमानं मी त्याच दिवशी पालकांना कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. त्या मुलीला मार्चपर्यंत उभी ठेवायची, पहिल्या पेपरापासून शेवटच्या पेपरापर्यंत बाकावर बसवायची, एवढं एकच तेव्हा डोक्यात बसलं. आणि मी कामाला लागले.

पहिला प्रयोग मोरीमागचा. विहिरीनं तळ गाठला होता, टँकर यायचा तो आठवड्यातून दोनदा. एकेका मुलीला आंघोळीला अर्धी बादली. पण चाळीस अर्ध्या बादल्यांचं सांडपाणी काही थोडं नसतं! मी ते वळवून घेतलं, वाफे केले, मेथी आणि पालक लावला. महिन्याभरात मोरीमागं असं हिरवंगार झालं की रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायचे. पहिली मेथी शिजली त्या दिवशी मी स्वतः वाढायला उभी राहिले. एक मुलगी ताटाकडं बघत म्हणाली, "बाई, आमच्याच तोंड धुतल्या पान्याची भाजी आमालाच?"

झालं. चाळीस ताटांतली मेथी तशीच राहिली. मी चिडले. माझा स्वभाव तसा तापटच. समोर बसलेल्या एका लहानग्या मुलीला मी दोन घास बळंच खायला लावले आणि ती तिथंच ओकली. त्या मुलीचं ते रडवेलं तोंड मला आजही आठवतं आणि लाज वाटते. हाताखाली मुली असल्या की माणसाला आपण बरोबरच आहोत असं फार लवकर वाटायला लागतं.

मला वाचवलं आमच्या गयामावशीनं. गयाबाई आमची स्वयंपाकीण, रेणापूरकडची, साठीला टेकलेली. तिनं मला चुलीपाशी बसवलं आणि म्हणाली, "बाई, तुमी लई शिकल्या, पर पोरी कवा पोसल्या न्हाईत. पोरीच्या डोळ्याला भाजी दिसूच द्यायची न्हाई. दिसली की भांडती."

दुसऱ्या दिवशी सकाळी धपाटे झाले. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, लसूण, तिखट, तीळ आणि पाट्यावर वाटलेली मेथी नि पालक. मेथी इतकी की पीठच तिला चिकटलं होतं म्हणा. मुलींनी चार-चार धपाटे हाणले! कौशीनं तिसरा मोडता मोडता संशयानं विचारलं, "मावशी, ह्ये हिरवं काय हाय?"

"कोथमीर," गयामावशी ढिम्म चेहऱ्यानं म्हणाली.

तेव्हापासून एक गोष्ट मी पक्की शिकले. पंधरा वर्षांच्या मुलीला 'हे तुझ्या भल्याचं आहे' असं कधी म्हणायचं नाही. ते ऐकलं की तिची भूक मरते.

पाल्याचं जमलं. राहिलं फळ. उदगीरचा मोंढा धान्यासाठी केवढा नावाजलेला, थप्प्यांवर थप्प्या लागलेल्या असायच्या. पण फळांचे गाडे कुठं उभे असायचे? सरकारी दवाखान्याच्या दारात. तिथं दोन, आणि बाकी गावात सणावाराला येईल तेवढंच. हे मी रोज बघत होते. बघत होते पण त्याचा अर्थ काही डोक्यात शिरला नव्हता.

दिवाळीनंतर मी चार दिवस नांदेडला गेले. माझ्या थोरल्या नणंदेच्या सासऱ्यांची गावाबाहेर मोसंबीची बाग होती. विहीर आटलेली. झाडं जगवायची म्हणून त्यांनी अर्धीमुर्धी वाढलेली फळं सगळी तोडून टाकली होती. हिरवीगार, लिंबाहून जरा मोठी, व्यापारी हात लावेना. बांधावर ढीग पडला होता. मी त्या ढिगाकडं अशी बघायला लागले की म्हातारबा म्हणाले, "न्या की बाई. न्हाई तर जनावरापुढंच टाकून राहिलोय."

दोन पोती! मी नाचायचीच काय ती बाकी होते. नांदेड-उदगीर गाडीच्या टपावर पोती चढवली. कंडक्टरनं पोत्यात बोट घालून बघितलं, माझ्याकडं दयेनं पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "बाई, लईच आजारी हाय का कुणी?" मला वाटलं, थट्टा करतोय. मी हसले. तो हसला नाही.

वसतिगृहात मुलींनी पोती फोडली आणि त्यांचा गलका एकदम बंद पडला. एक जण घाबरून म्हणाली, "बाई, कोण आजारी हाय?" कौशीनं तर तिच्या हातात दिलेलं मोसंबं माझ्या हातात परत कोंबलं. कानाशी येऊन म्हणाली, "बाई, एकटीला देऊ नका. सगळ्यांस्नी कळंल."

म्हणून मी नियम केला. रोज दुपारी शाळा सुटल्यावर, ओट्यावर, सगळ्यांनी एकदम खायचं. मीही खाणार, गयामावशीही खाणार. गयामावशी तर पाठ फिरवूनच बसली. "म्या धडधाकट हाय, मला कामून?" साठ वर्षांत त्या बाईनं आख्खं मोसंबं स्वतःसाठी कधी सोललं नव्हतं. पहिली फोड तोंडात टाकल्यावर तिनं एक डोळा गच्च मिटला आणि दुसऱ्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मुली हसून हसून लोळल्या. तिथून भीड चेपली. कुणाची साल सगळ्यात लांब निघते, कुणाच्या फळात किती बिया, यावर पैजा लागायला लागल्या. कौशी न सोलताच फळ हातात फिरवून आत फोडी किती ते सांगायची आणि दहातल्या सात वेळा बरोबर यायचं. वाळलेल्या साली पत्र्याच्या पेट्यांत कपड्यांमध्ये गेल्या. पंधरा-वीस दिवसांत काय फरक पडावा! प्रार्थनेत कुणी पडेना. कौशी लंगडी खेळायला लागली. ती पुन्हा माझ्या मागं उभी राहून बेरजा सांगायला लागली, आणि या खेपेला मला राग आला नाही.

आता माझा पराक्रम ऐका. महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलींनी घरी पोस्टकार्ड लिहायचं, अशी आमच्याकडं शिस्त होती. मुली दोन ओळी खरडून मोकळ्या व्हायच्या. मी म्हटलं, एवढं चांगलं चाललंय तर ते घरोघरी कळू दे. मी खडू घेतला आणि फळ्यावर ठळक अक्षरात मजकूर घालून दिला: 'आम्हाला इथे रोज फळ मिळते. बाई स्वतः जवळ बसून खायला घालतात. काळजी करू नये.' चाळीस जणींनी तो शुद्धलेखनासारखा उतरवला. गयामावशीला वाचता येत नव्हतं, नाही तर तिनं माझा हात धरला असता. चाळीसच्या चाळीस पोस्टकार्डं मी स्वतः जाऊन पेटीत टाकली.

पुढच्याच्या पुढच्या सोमवारी पहाटेपासून फाटक वाजायला लागलं.

आधी एक आई आली, ती रडतच. मग एक बाप आणि आजोबा, हातात देवीचा अंगारा. मग आणखी एक बाप, आणखी एक काका. एस्टी स्टँडवरून येताना त्यांची एकमेकांशी गाठ पडत होती आणि तिथंच 'होस्टेलात साथ आली' असं ठरून गेलं होतं. अंगणात उभं राहायला जागा उरली नाही. बायका मुलींना छातीशी धरून रडताहेत, मुलींना काही कळेना म्हणून त्याही रडताहेत, आणि मी मध्ये उभी राहून ओरडतेय, "अहो, कुणाला काही झालेलं नाही!"

"मंग फळ कामून देऊन राहिलात?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

त्या एका प्रश्नानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्याकडं बोर, जांभूळ, सीताफळ, रानातून हाताला लागेल ते सगळं पोरंसोरं दिवसभर खातात, पण त्याला कुणी फळ म्हणत नाही. बोर म्हणजे बोर. 'फळ' म्हणजे दवाखान्याच्या दारातून विकत घ्यायचं, रुमालात बांधून न्यायचं आणि आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचं. मी काही आभाळातून पडले नव्हते. माझे वडील नांदेडच्या दवाखान्यात होते तेव्हा येणारा प्रत्येक पाहुणा मोसंबी घेऊन यायचा आणि आम्ही भावंडं लांबून बघत राहायचो. ते गेले त्या आठवड्यात आमच्या घरात जेवढी फळं होती तेवढी त्याआधी कधीच नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. आणि तरी 'रोज फळ मिळते, बाई जवळ बसून खायला घालतात' असं मीच चाळीस घरांना कळवलं. वर आणखी 'काळजी करू नये'!

एकेकाला समजावत, मुलींना शाळेत पिटाळत दुपार झाली. काही जण पोरगी हसताना बघून शांत झाले, काही भाकरी खाऊन परत गेले. पण मी मागच्या अंगणात असताना रेणापूरकडच्या एका मुलीचा काका तिची पेटी उचलून तिला घेऊन निघूनही गेला. आठवीतली, फार गोड गळ्याची मुलगी. मी दोन पत्रं टाकली, एकदा स्वतः जाऊन आले. हजेरीत तिचं नाव मी वर्ष संपेपर्यंत लिहीत राहिले, पण ती परत आली नाही. माझ्या एका ओळीनं त्या पोरीची शाळा गेली. याला मी दुसरं काहीही नाव देऊ शकत नाही.

चार वाजायच्या सुमाराला कौशीचे अप्पा आले.

बरोबर गावातले तिघं. एकाच्या खांद्यावर काळी घोंगडी, दुसऱ्याच्या हातात दोन बांबू. पोरीला झोळी करून न्यायची तयारी करून ते आले होते. कौशी शाळेत होती. मी खुर्च्या मागवल्या, कुणी बसेना. पाण्याचा तांब्या आणला. "तहान न्हाई," अप्पा म्हणाले. माझं आडनाव ठाऊक झालं की काही पालकांना तहान लागायची नाही, हे मला नवीन नव्हतं. पण या माणसाचे ओठ असे कोरडे पडले होते आणि नजर अशी फिरत होती की मला राग धरता आला नाही.

"बाई, लपवू नगा. पोरीत जीव हाय का?"

"अहो दादा, शाळेत गेलीय ती! धडधाकट आहे."

"मास्तरनं तीनदा वाचलं कार्ड. 'जवळ बसून खायला घालतात' म्हनलं. माझी माय गेली तवा आमी बी असंच जवळ बसून खाऊ घालत व्हतो."

मी बोलायला लागले. शरीराला काय लागतं, जीवनसत्त्वं म्हणजे काय, लोह कशात असतं, सगळं सांगितलं. चौघंही माझ्याकडं बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एकही अक्षर उमटत नव्हतं.

एवढ्यात कौशी आली. कुणीतरी वाटेत सांगितलं असावं, दप्तर छातीशी धरून धावतच आली. अप्पांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग बरोबरच्या माणसाला हळूच म्हणाले, "शेवटाला तरतरी अशीच येती." आणि तिला म्हणाले, "चल पोरी, घरी."

कौशीनं माझ्याकडं पाहिलं. मी घाईनं म्हटलं, "दादा, हिला कधी काही झालंच नव्हतं."

"झालं व्हतं, अप्पा," कौशी म्हणाली.

मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण ती बापाकडंच बघत होती.

"दोनदा पडले मी. चक्कर येऊन. दवाखान्यात नेलं. रक्त न्हाई म्हनले. बाईस्नी मीच शपथ घातली, घरी कळवू नका म्हणून. तुमी दप्तर काढून घेतलं असतं." तिनं छातीशी धरलेलं दप्तर ओट्यावर ठेवलं. "आता न्हाई पडत. आता बघा तुमीच."

मला वाटलं, संपलं. ज्याच्यासाठी मेथी पेरली, टपावरून पोती आणली, खोटं बोलले, ते आता डोळ्यांदेखत फाटकाबाहेर जाणार. अप्पांनी तिचा दंड धरला, ओट्याच्या कडेला उन्हात आणलं, तिचं तोंड वर केलं आणि अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढून बघितली. एक डोळा, मग दुसरा. ओठ उलटून हिरड्या बघितल्या. नखं दाबली, सोडली, परत दाबली. मी काही विचारणार तोच त्यांच्यातल्या एकानं मला खुणेनं गप्प केलं. नंतर कळलं, देवणीच्या बाजारात बैल घ्यायचा तर लोक आधी याच माणसाला बोलावून नेत.

"रंग हाय," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "नुसत्या कडब्यावर जनावर ठिवलं की पापणी पांढरी पडती. हिरवा घास मिळाला की पंधरा-वीस दिसात लाली धरती. ह्येच ना बाई?"

"हेच! अगदी हेच!"

"मंग असं सांगा की! मघापासून काय सत्त्व-सत्त्व लावलंय."

सगळे हसले. मी तर इतक्या जोरात हसले की माझे डोळे भरून आले. शाळेतून परतलेल्या सगळ्या मुली एव्हाना भिंतीला लागून उभ्या होत्या. कौशी मात्र हसली नाही. ती बापाच्या अगदी जवळ गेली आणि म्हणाली, "आता तुमचं दावा."

"काय?"

"डोळं."

चार माणसांदेखत तिनं बापाची पापणी खाली ओढली. आम्ही सगळ्यांनी बघितलं. पापणी पांढरीफटक होती.

"अप्पा, तुमी काय खाऊन राहिलात घरी?"

"भाकर खातो की."

"आन्?"

"भाकर. चटणी. जनावरालाच कुठं हिरवं हाय, तर मानसाला..."

कौशी आत गेली, एक मोसंबं घेऊन आली आणि तिथंच उभ्या उभ्या सोललं. फोड काढून त्यांच्या तोंडासमोर धरली. अप्पा मागं सरकले. त्यांनी आपल्या माणसांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मला काय झालंय?"

"काई झालं न्हाई," कौशी म्हणाली. "काई झालं न्हाई म्हणूनच खा."

त्यांनी तोंड उघडलं. आंबटपणानं सगळा चेहरा गोळा झाला, पण एकही फोड त्यांनी परत केली नाही. कौशी एकेक देत गेली आणि ते खात गेले. शेवटची फोड संपल्यावर त्यांनी बिया हातातच धरल्या, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या मघाच्या तांब्याकडं हात केला. गटागटा अर्धा तांब्या प्याले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत म्हणाले, "परीक्षा कवा हाय म्हनलात?"

"मार्चमध्ये."

शेजारच्या माणसाच्या खांद्यावरची घोंगडी अप्पांनी ओढून घेतली, झटकली, तिची नीट घडी केली आणि ती कौशीच्या हातात दिली.

"रातीला थंडी असती. पांघरत जा. मार्चात येतो, तुला बी नेतो आन् घोंगडी बी."